आटणारा पाझर तलावच कामाचा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सातारा जिल्ह्याच्या पानावर गेल्या आठवड्यात माण तालुक्यातील एका पाझर तलावाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. फाल्गुन सरत आला तरी तलाव निम्म्याहून अधिक भरलेला, काठावर बगळे, आणि खाली मजकूर असा, की ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी टिकून राहिल्याने ग्रामस्थांत समाधान आहे. त्याच पानावर दोन रकाने सोडून दुसरी बातमी होती. शेजारच्या गावचा तलाव माघातच कोरडा पडला, त्यामुळे त्यावर झालेला खर्च पाण्यात गेला, असा तिचा सूर होता. पाणीच नसताना खर्च पाण्यात कसा गेला, हा भाषेचा प्रश्न बाजूला ठेवतो. मी हे दोन्ही तलाव ओळखतो. लघु पाटबंधाऱ्यांच्या कामांवर तीस वर्षे घालवून आता गावी शेती पाहणारा माणूस म्हणून मला नम्रपणे सांगावेसे वाटते, की या दोहोंपैकी आजारी तलाव पहिला आहे आणि दुसरा आपले काम चोख करीत आहे.

पाझर तलाव हे नावच त्याचे काम सांगते. ओढ्यावर मातीचा भराव घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि ते तळातून जमिनीत उतरू द्यायचे, एवढ्यासाठीच तो बांधलेला असतो. त्याला कालवा नसतो, पाणी सोडण्याचे दार नसते, पाणीवाटपाचे वेळापत्रक नसते. त्याचा कालवा जमिनीखाली असतो आणि त्याचे दार म्हणजे खालच्या अंगाला एक-दीड किलोमीटरपर्यंत पसरलेल्या शेतकऱ्यांच्या विहिरी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाण्याला जागा मुळातच थोडी. वरच्या झिजलेल्या मुरमात, ज्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात आणि कातळाच्या भेगा-सांध्यांत जे मावेल तेवढेच आपले. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार-दोन दिवसांत धो धो पडून मोकळा होणारा. असा पाऊस जमिनीत मुरायला वेळच मागत नाही, तो ओढ्याने माणगंगेकडे पळतो. तलाव त्याला थांबवून मुरण्यापुरती सवड देतो. ही सवड जितकी लवकर संपेल, म्हणजे पाणी जितके लवकर खाली उतरेल, तितका तलाव पुढच्या पावसासाठी मोकळा होतो. आषाढात भरून श्रावणाच्या उघडिपीत खाली गेलेला तलाव उत्तरा-हस्ताच्या पावसात पुन्हा भरतो. एका पावसाळ्यात दोनदा भरलेला तलाव आपल्या कागदावरच्या साठ्याच्या दुप्पट पाणी देतो, ही साधी गोष्ट छायाचित्रात दिसत नाही.

आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि आई त्या कामावर माती वाहत होती. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली, १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे २००५ मध्ये देशाने केलेल्या कायद्यामागे तिचाच अनुभव होता. त्या दुष्काळात लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन लोकांनी जी कामे उभी केली, त्यांत रस्ते होते, नालाबांध होते आणि असंख्य पाझर तलाव होते. खडी फोडण्याच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मातीकामाबद्दल कमी, आणि तलाव समजून घ्यायचा तर मातीकामच समजून घ्यावे लागते.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. आधी ओढ्याच्या आडव्या रेषेत पायाचा चर खणतात, त्यात चिकण काळी माती थराथराने भरून दाबतात आणि तोच काळा पडदा पुढे भरावाच्या पोटातून वर चढवत नेतात. या काळ्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच येते. काळी माती पाणी अडवते, पण ओली झाली की घसरते आणि वाळली की तडकते. मुरूम पाणी अडवत नाही, पण उभा राहतो. दोघांनी एकमेकांना सांभाळायचे, असा हा संसार आहे. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खरवडू नये म्हणून दगडांचे अस्तर, ज्याला सगळे जण पिचिंगच म्हणतात. कोरड्या बाजूला हरळी. पायथ्याशी मुरलेले पाणी माती न घेता बाहेर पडावे म्हणून खडी आणि दगडांचा थर. आणि एका कडेला, जादा पाणी वाहून जावे म्हणून भरावाच्या माथ्यापेक्षा बराच खाली ठेवलेला सांडवा. साठवण तलावात पायाचा चर खालच्या अभेद्य थराला भिडवतात, कारण तेथे पाणी राखायचे असते. पाझर तलावात तो मुद्दाम कमी खोल ठेवतात. भराव सुरक्षित राहावा एवढे पाणी अडवायचे आणि बाकीचे त्याच्या पायाखालून निघून जाऊ द्यायचे. तेव्हा आमच्या तलावातले पाणी 'गळते' अशी तक्रार जेव्हा कोणी करतो, तेव्हा तो खरे तर रचना बरोबर असल्याचे प्रमाणपत्र देत असतो.

आईच्या हातची एक गोष्ट मला नीट आठवते. भरावासाठी माती काढायच्या चौकड्या पडत. प्रत्येक टोळीच्या चौकडीत मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा एक खुंट तसाच राखत, कारण आठवड्याच्या मापाला किती खोल खणले ते त्या खुंटावरून ठरे आणि मजुरीही त्यावरच ठरे. हा खुंट ढासळू नये म्हणून बायका जपत. काही हुशार मंडळी खुंटाच्या डोक्यावर रात्री चार पाट्या माती घालून तो उंच करीत, आणि मिस्त्री खुंटावरचे वाळलेले गवत पाहून ती चोरी ओळखत. भरावावर टाकलेल्या मातीची ढेकळे फोडून, पाणी शिंपून, बैलांनी ओढलेल्या दगडी रोलरने आणि जेथे रोलर पोचत नाही तेथे धुम्मसाने ती ठोकत. आज बावन्न-त्रेपन्न वर्षांनीही तो भराव सरळ उभा आहे. नोकरीत मी यंत्रांनी केलेले भराव पाहिले, त्यांतले काही दहाव्या वर्षी खचले.

आता आजाराकडे वळतो. तलावात पाण्याबरोबर माळावरची माती येते. जाड कण वरच्या तोंडाशी बसतात आणि अगदी बारीक चिकण माती पाणी स्थिर झाल्यावर तळाशी बसते. वर्षानुवर्षे या गाळाचा लेप मुरमाच्या तळावर चढत जातो आणि मडक्याला आतून लाख लावावी तसा तळ बंद होतो. काही वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या तलावाच्या तळाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी मध्यावर टिकावाने उभा खड्डा घेतला. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे गाळाचे पातळ पातळ पदर निघत गेले, प्रत्येक मोठ्या पावसाचा एकेक, आणि अडीच फुटांवर मूळ मुरूम लागला. पहिल्या पावसाला या भेगा घटाघटा पाणी पितात, पण चार दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि तळ पुन्हा बंद. गाळ असा साचल्यापासून तलावात होळीपर्यंत पाणी राहू लागले होते. गावात सगळे खूश होते. मी मात्र माझ्या विहिरीच्या पायऱ्या मोजत होतो.

ही विहीर भरावापासून सुमारे तीनशे मीटरवर आहे, वडिलांनी बांधलेली, बेचाळीस पायऱ्यांची. निवृत्त झाल्यापासून दर अमावास्येला किती पायऱ्या उघड्या आहेत ते मी वहीत लिहितो. गाळ साचलेल्या शेवटच्या वर्षी तलावात पाणी उभे असताना फाल्गुनी अमावास्येला एकतीस पायऱ्या उघड्या होत्या. त्या उन्हाळ्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या २०१७ साली सुरू झालेल्या योजनेचा आधार घेऊन गावाने तलावाचा गाळ काढला. पुढच्या वर्षी पाऊस जवळजवळ तेवढाच झाला, तलाव भाद्रपदात भरला आणि माघात कोरडा झाला. ग्रामसभेत एका वयस्कर गृहस्थांनी मला सर्वांसमोर सुनावले, "सायेब, जेसीबी लावून तळं फोडलंसा तुम्ही!" मी वही उघडून दाखवली. त्या फाल्गुनी अमावास्येला एकोणीसच पायऱ्या उघड्या होत्या. बारा पायऱ्यांचे पाणी वाढले होते. एका विहिरीवरून सिद्धांत मांडू नये हे मला समजते, पण त्या दिवशी सभेतल्या आणखी सहा-सात जणांनी आपापल्या विहिरींचे जे सांगितले ते याच दिशेचे होते. ज्यांनी बोल लावला होता त्यांच्या विहिरीला त्या वर्षी चैत्रातही मोटार चालली. त्याचे श्रेय त्यांनी देवाला दिले, आणि त्याला माझी हरकत नाही.

उघड्यावर उभे राहिलेले पाणी किती महाग पडते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आमच्या भागात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तलावाच्या पृष्ठावरून दिवसाला सरासरी पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जाते. पाच महिन्यांत हे पावणेतीन फूट होतात. चैत्र-वैशाखात हेच प्रमाण आठ-दहा मिलिमीटरवर जाते, म्हणजे महिन्याला जवळजवळ फूटभर. आमच्या तलावाचा साठा ऐंशी सहस्र घनमीटर आणि सरासरी खोली सातेक फूट. एक सहस्र घनमीटर म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. फाल्गुनापर्यंत पाणी टिकले म्हणून आनंद मानताना साठ्याचा तिसरा हिस्सा, सुमारे अडीच हजार टँकर, उन्हाने पिऊन टाकलेले असतात. तेच पाणी मार्गशीर्षापर्यंत मुरमात उतरले असते, तर त्याला उन्हाचा स्पर्शही झाला नसता. ज्या तालुक्यात टँकरची मागणी करणाऱ्या गावांची यादी दर उन्हाळ्यात आपल्याच दैनिकात येते, तेथे हा हिशेब बातमीच्या शेजारी छापायला हरकत नसावी.

याचा अर्थ उभ्या पाण्याला काहीच किंमत नाही असा मुळीच नाही, आणि येथे मला माझ्याच खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांशीही थोडे भांडायचे आहे. आम्ही लोक तलावाकडे केवळ सिंचनाच्या हेक्टरांत पाहत आलो. गावाच्या लेखी तो पुष्कळ काही असतो. त्यावर गुरे पाण्याला येतात. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडण्यापूर्वी आमचे मेंढपाळ कळप धुतात ते तेथेच. आषाढात बोटुकली सोडली तर कटला, रोहू, मृगळ माघापर्यंत विकण्याजोगे होतात आणि लिलावाचे चार पैसे ग्रामपंचायतीला मिळतात. पाणी मागे सरकेल तसतशी उघडी पडणारी ओली जमीन ज्यांना स्वतःचे रान नाही अशी काही कुटुंबे धरतात आणि गाळपेरीवर हरभरा, वाटाणा, एखादे काकडीचे वेल घेतात. एकही पाणी न देता आलेला तो हरभरा मी खाल्ला आहे, त्याची चव वेगळी. पोरांना पोहायला शिकवायचे तर पाठीला वाळका भोपळा बांधून याच पाण्यात ढकलतात. पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला की पलीकडच्या वस्तीवरची मुले भरावाच्या माथ्यावरून शाळेला येतात, आणि हा उपयोग तर कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. पण यातला प्रत्येक उपयोग आटत जाणाऱ्या तलावाशीच जुळलेला आहे. मासे माघात काढता येतात ते पाणी उतरते म्हणून, गाळपेर होते तीही पाणी उतरते म्हणून. मेंढरे तर फाल्गुनात गावात नसतातच, ती ज्येष्ठात परततात. उन्हाळ्यात मागे राहिलेल्या जनावरांसाठी तलावाच्या वरच्या अंगाला एखादा खोल डोह राखता येतो आणि आम्ही तसा राखला आहे.

आणि मग गाळ. आमच्या बरड माळावर, जेथे बाजरीसुद्धा हातभर वाढत नसे, तेथे ट्रॅक्टरच्या खेपा टाकून लोकांनी ज्वारी घेतली. मात्र गाळ काढण्यालाही पोच लागते. सरकारी योजनेत पाच वर्षांहून जुन्या आणि अडीचशे हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या जलसाठ्यांना प्राधान्य दिलेले आहे, आणि गाळ काढावा पण वाळू काढू नये असे बजावलेले आहे. प्रत्यक्षात यंत्र एकदा तलावात उतरले की ते कोठे थांबायचे हे यंत्राच्या भाड्यावर ठरते. भरावाच्या आतल्या पायथ्याजवळचा गाळ खरवडणे म्हणजे घराच्या जोत्यातली माती उकरण्यासारखे आहे. आम्ही तेथून दीडशे फूट रेषा मारून पलीकडेच खोदले. मूळ मुरूम दिसला की थांबायचे, रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून खाली जायचे नाही, यावरून दोन ट्रॅक्टरवाल्यांनी माझ्याशी अजून अबोला धरलेला आहे.

गाळ वरून येतो, तेव्हा इलाज वरच आहे, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात उजाड माळावर पाणलोटाचे काम उभे केले आणि पाणी पंचायतीची कल्पना मांडली. राळेगणसिद्धीत ज्याचे पाणी न मुरता गळून वाया जाई तो तलाव श्रमदानातून दुरुस्त झाल्यावर खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी दिसले. हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यावर बंदी घालून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. तिन्ही ठिकाणी तलाव आहेतच, पण तलावापेक्षा तलावाच्या वर काय आणि खाली काय, याकडे अधिक लक्ष दिलेले दिसते. आमच्याकडे नेमके उलटे झाले. तलावाच्या खाली डाळिंबाच्या बागा वाढल्या, एकाने दोनशे फूट खाली घातले की शेजारी चारशेला जातो, आणि कातळाच्या खोल भेगांत शतकांचे साठलेले पाणी उपसताना तलावाने दरसाल दिलेली वाढ त्या खोलीला पोचतही नाही. तलाव उथळ विहिरीला पाणी देतो. विंधन विहिरीच्या खोलीशी त्याने स्पर्धा करावी अशी अपेक्षा त्या बिचाऱ्याकडून करू नये.

सध्या तालुक्यात एक नवाच विचार बळावतो आहे आणि हे पत्र लिहिण्याचे ते खरे कारण आहे. शेततळ्याला अंथरतात तसा प्लास्टिकचा कागद पाझर तलावाला अंथरावा, म्हणजे पाणी वर्षभर टिकेल, आणि मग त्यातून मोटारींनी उचलून वाटून घ्यावे, अशी मागणी दोन-तीन ग्रामसभांत झाली आहे. ही मागणी करणाऱ्यांच्या मनात खोट नाही, कोरडा तलाव पाहून जीव तुटतोच. पण अस्तर घातलेला तलाव म्हणजे भरावाच्या वरच्या अंगाला ज्यांना पाइप टाकता येतो त्यांची मालमत्ता. ज्या चाळीस-पन्नास विहिरींना न मागता, न भांडता, वीजबिल न भरता पाणी पोचत होते, त्या एका उन्हाळ्यात पोरक्या होतील. गावच्या नळ पाणी योजनेची विहीर बहुधा तलावाच्या खालीच असते, तीही त्यांत आली. पाझर तलावातून थेट उपसा करू नये, हा जुना दंडक कोणा साहेबाच्या लहरीने आलेला नाही. मुरलेले पाणी जात, पक्ष आणि भावकी पाहत नाही. उचललेले पाणी या तिन्हींची चौकशी करूनच शेतात जाते.

दुसरी भीती अधिक तातडीची आहे. पाणी टिकवण्याच्या नादात सांडव्याशी खेळ होतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच गावातल्या उत्साही तरुणांनी सांडव्यावर दगड आणि वाळूची पोती रचून तो दीड फूट उंच केला, म्हणजे तेवढे पाणी जास्त साठेल. हस्ताचा पाऊस एका रात्री असा कोसळला, की पहाटे भरावावर गेलो तेव्हा पाणी माथ्यापासून हातभर खाली होते आणि वारा लाटा ढकलत होता. कमरेएवढ्या पाण्यात दोर बांधून सहा जणांनी पोती ओढून काढली. मातीच्या धरणावरून पाणी एकदा वाहू लागले की ते थांबवता येत नाही, बोटभर धार अर्ध्या तासात दरी पाडते. म्हणून सांडव्याची उंची ही पाण्याची गरज पाहून ठरवलेली नसते, भरावाचा जीव पाहून ठरवलेली असते.

मातीच्या धरणाचे भय महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत मातीचेच होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वस्ती वाहून गेली, तेही मातीचेच. तेथे गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर धरण खेकड्यांनी पोखरल्याचे विधान झाले आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. खेकडे भराव पोखरतात, घुशी पोखरतात, वाळवी पोखरते. बाभळीची मूळे भरावात खोल जातात आणि झाड वाळले की त्या मुळांच्या जागी नळ्या राहतात. प्रश्न एवढाच, की ती बिळे पाहायला वर्षातून दोनदा भरावावरून चालत जाणे हे कोणाचे काम होते.

हे काम फारसे अवघड नसते. तलाव भरलेला असताना कोरड्या बाजूच्या पायथ्याशी जाऊन बाहेर येणारे पाणी पेल्यात धरावे. ते नितळ असेल तर काळजी नाही, भराव श्वास घेतो आहे असे समजावे. ते गढूळ असेल तर भरावाची माती वाहून चालली आहे, आणि मग तासाचाही उशीर नको. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग दिसते का, पिचिंगचे दगड घसरून पोट पडले आहे का, घाणेरी आणि वेड्या बाभळीने उतार झाकून टाकला आहे का, हे पाहायला पदवी लागत नाही. आमच्या भरावावरची वेडी बाभूळ आम्ही दर ज्येष्ठात कापतो, उपटत नाही, कारण उपटली की भोक राहते.

मात्र यासाठी लागणारे थोडे पैसे कोणत्याही शीर्षाखाली बसत नाहीत, हे मी नोकरीत असताना अनुभवले आहे. शंभर हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्राचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या यंत्रणेकडे, २०१७ पासून मृद व जलसंधारण असा स्वतंत्र विभागही झाला. नवा तलाव मंजूर करणे, फुटलेल्याची दुरुस्ती करणे यांना निधी मिळतो. उभ्या तलावाच्या भरावावरचे गवत कापायला, पिचिंगचे वीस दगड पुन्हा बसवायला, सांडव्यातली माती ओढायला मिळत नाही. कालवा नाही म्हणून पाणीपट्टी नाही, पाणीपट्टी नाही म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून त्याची आठवण कोणाला नाही. इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळी कामांचे नमुने म्हणून म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव, खटाव तालुक्यातले नेर आणि मायणीचे तलाव आजही आपण दाखवतो. ते मोठे होते म्हणून त्यांच्या नोंदी राहिल्या. मायणीच्या तलावात गाळ किती साचला आहे, हे रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनीही पाहिले आहे. बहात्तरच्या शेकडो लहान तलावांचे तर नकाशेही आता सापडत नाहीत. आमच्या तलावाचा मूळ नकाशा मिळावा म्हणून मी संबंधित कार्यालयात तीन वेळा गेलो, तिसऱ्या वेळी मला तो माझ्याकडे असल्यास एक प्रत द्यावी अशी विनंती करण्यात आली.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. आपले वार्ताहर तलावाचे छायाचित्र घेतील तेव्हा त्यांनी भराव ओलांडून खालच्या अंगाला दोन-चार विहिरींत डोकावावे आणि पाणी किती पायऱ्यांवर आहे तेही लिहावे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पावसाचे मिलिमीटर लिहितात, त्याखाली एका ठरावीक विहिरीची पातळी लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो. आमच्या ग्रामपंचायतीने ते मान्य केले आहे आणि माझी वही तूर्त त्या कामासाठी तेथेच ठेवलेली आहे. प्लास्टिकच्या अस्तराचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. मी जाणार आहे. ज्यांच्या विहिरी खालच्या अंगाला आहेत त्यांनीही यावे, कारण वरच्या अंगाचे लोक नक्की येणार आहेत.

परवा संध्याकाळी भरावावर फिरायला गेलो तेव्हा सांडव्यावर कोणीतरी पुन्हा चार दगड रचलेले दिसले. ते मी काढून बाजूला ठेवले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता
माण तालुका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)